हौदातल्या दोन अळ्या

रेवदंडा, ता. ५ सप्टेंबर १९५५

ती. दादास,
गुणाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

अक्षर वेडंवाकडं दिसेल, कारण डाव्या हातानं लिहितोय. उजवा आपल्या मेहुण्यानं, राहीच्या रतननं, काठीनं मोडला.

चूक माझीही आहे. त्याच्या वाडीच्या हौदात दोन जातींच्या अळ्या आहेत. तापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते, दुसरी डोकं खाली करून लोंबते. तेल दोघींना मारतं. पण त्या पाण्यानं पोफळी जळतील म्हणून रतननं तेल ओतू दिलं नाही. मग मी आमच्या मलेरिया खात्याची हिरवी पावडर मारली. ती वर तरंगते, आडवीलाच मारते. मी मात्र ऐटीत सांगून बसलो की डास मरतील. कोणते, ते सांगितलं नाही. दुसऱ्या जातीचे डास घरभर चावत राहिले, त्यातच हौदाचं पाणी पिणारा रहाटाचा बैल मेला. मी विष घातलं म्हणत रतन धावून आला. मग हौद उपसून त्यानं स्वतः रहाट ओढून नवं पाणी भरलं. आता त्यात दोन्ही वाढतील, आणि राहीची केसर जेमतेम चार वर्षांची. हातापेक्षा मला तिची काळजी वाटते.

लोभ असावा.
गुणाजी

बोर्ली पंचतन, ता. १२ सप्टेंबर

चि. गुणाजीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी तांब्यात बेडकांची पिल्लं पाळायचास, तेव्हाच ओळखलं होतं की तू पाण्यापायी मार खाणार. पण तुला मारायचा हक्क माझा, त्याचा नव्हे. भाताची राखण आहे म्हणून थांबलोय. दसऱ्याला कोयत्याची पूजा झाली की तोच घेऊन निघतो. रतनचा हात खांद्यापासून उतरवीन आणि राहीला, केसरला घरी आणीन. तुझी वहिनी रडतेय, तिकडे मी बघत नाही.

हात जप.
तुझा दादा

रेवदंडा, ता. १५ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

केसर सोमवारी गेली. पाच दिवस ताप होता, शेवटी तो डोक्यात चढला.

तिला पुरून आल्यावर रतननं कुऱ्हाडीनं रहाट फोडला. मग दोन घमेली हौदाचं पाणी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, आता दाखव. मी एकात पावडर टाकली, दुसऱ्यात तेल. दुपारपर्यंत तो उकिडवा बसून बघत होता. तेलातल्या सगळ्या मेल्या. पावडरीतल्या आडव्या मेल्या, लोंबत्या वळवळत राहिल्या. केसरला कोणती चावली, त्यानं विचारलं. मी पावडरीत मेलेल्या आडवीकडे बोट दाखवलं.

त्यानं तीच काठी आणून माझ्या पुढ्यात टाकली आणि उजवा हात पायरीवर ठेवला. माझ्यानं मारवलं नाही. राहीनं काठी उचलली आणि मारलं. हाड मोडल्याचं मी ऐकलं.

आता आम्हा दोघांचे हात गळ्यात बांधलेले आहेत आणि हौदात तेल राही ओतते. दादा, तू ये, पण कोयता घरी ठेव. इथं मारायचं काही उरलेलं नाही.

लोभ असू दे, रतनवरही.
गुणाजी