मांडवातला माईक रोहिदासकडेच द्या

पिंपळे सौदागर,
सोमवार

तीर्थस्वरूप आक्कांना शालनचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल चोळता ना? फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आधी तुम्ही रडता, मग मी, आणि समोर बसून हे दोघींचं ऐकत राहतात.

निरोप पोचला. नात तेजस्विनीच्या लग्नात माईक तुमच्या रोहिदासकडे, आणि तुमच्या भावाने फेटा बांधून पुढच्या सोफ्यावर नुसतं बसायचं, हे अगदी योग्य. निघोज्यातलं एकही लग्न यांच्या आवाजाशिवाय लागलं नाही, हे खरं. पण अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात आणि वाचा दोन्ही गेल्यावर चार माणसांत हसं नको. मान्य.

इथली हकिकत ऐका. घरी पुनम नावाची मुलगी येते, बोलणं आणि हात दोन्ही शिकवायला. आधी तिने हत्ती, कप, छत्री अशी चित्रं दाखवली. आमचे सोपानराव पाटावर बसलेल्या जावयासारखे तोंड फिरवून बसले. तेव्हा ती म्हणाली, ‘‘काकू, हे सगळ्यांचं झालं. काकांचं वेगळं बनवू. काका आधी काय करायचे?’’ मी (आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे नीट बसून) सांगितलं, चाकणला कंपनीत सुपरवायझर होते. झालं! पंधरवडाभर ती बोल्ट, नट, शिफ्ट म्हणत राहिली आणि हे झोपत राहिले. निवृत्त माणसाला परत ड्यूटीवर कशाला न्यायचं?

शेवटी माझ्या तोंडून निघालं, की हे लग्नाच्या मांडवात माईकवरून पाहुण्यांचं स्वागत करायचे. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या करणाऱ्या अंबूबाईच्या हातातलं लाटणं ओढून आणून यांच्या उजव्या हातात दिलं, वरून स्वतःचा हात धरला. आक्का, इतके महिने ‘‘ते... ते...’’ पलीकडे न गेलेल्या माणसाने लाटण्यावर टकटक केलं, फुंकर मारली आणि म्हणाला, ‘‘हॅलो. हॅलो.’’

तेव्हापासून घराचा मांडव झालाय. अंबूबाईंचं ‘‘आताच... आगमन झालेलं आहे’’ रोज सकाळी होतं. (ती म्हणते, ‘‘बाई, उद्यापासून जरा बरं पातळ नेसून येते.’’) कुरियरवाल्याचं सहर्ष स्वागत झालं, तो घाबरून सही न घेताच गेला. पोळ्या मात्र अंबूबाई आता बाटलीने लाटते.

परवा पुनमने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘काका, या कोण?’’ यांनी मान खाली घातली. तिने चेहरा पाडून कागदावर फुली मारली. मी म्हटलं, ‘‘अगं पुसून टाक ती. माझं नाव त्यांनी धडधाकट असतानाही कधी घेतलं नाही. आमच्यात ‘अगं’ म्हणतात. तो आजार नव्हे, रीत आहे.’’ बिचारीला पटायला वेळ लागला. हे मात्र खाली बघून हसत होते.

असो. लग्नाला आदल्या दिवशी येतो. तब्येतीला जपा.

तुमची,
शालन

ता. क. – वरचं सगळं खरं, पण माईकचं मात्र मान्य नाही. रोहिदासने बाकी दोनशे पाहुण्यांचं स्वागत करावं. व्याह्यांचं तेवढं यांना करू द्या. शब्द उशिरा येतात, मधेच अडतात. पण आक्का, तुमच्याकडे पुढाऱ्यांच्या भाषणांत मुहूर्त तासभर पुढे जातोच. माझ्या माणसासाठी पाच मिनिटं गेली तर कोणाला कळणार आहे? आणि कळलं तर कळू दे.

ता. क. – पाकीट बंद करण्याआधी पत्र यांना वाचून दाखवलं. ‘माईक रोहिदासकडे’ इथे पोचल्यावर यांनी एक शब्द उच्चारला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला तो लिहिता येत नाही. पण न अडखळता, मोठ्याने, स्वच्छ आला! मी रडले, आणि पुनमने तो त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतला. रोहिदासला सांगा, मनावर घेऊ नकोस, मामांचे उपचार चालू आहेत.