फोटोपुरतीही टोपी नाही

चंद्रपूर, १० मार्च १९८७

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

फोटो झकास मिळताहेत! खाणी संपामुळे बंद, कोळशाची धूळ उडत नाही, म्हणून दोरीवरचे कपडे चक्क पांढरे दिसतात. पोलीस आहेत, पण लांब. आईला एवढंच सांगा.

लटारूभाऊ नावाच्या खाणकामगाराला म्हटलं, "फोटोपुरती खाणीतली टोपी घाला ना." ते उखडलेच. "टोपी घातली म्हंजे कामावर गेलो! फोटोपुरताही संप नाही फोडत मी." मग अख्खी वस्ती उघड्या डोक्याने उभी राहिली!

गिरणीच्या संपात घर रंगवतानाही तुम्ही कामाची खाकी पँट घातली नाहीत. मी हसलो होतो. अजून ट्रंकेत आहे ना ती? घाटकोपरला आलो की तिच्याशेजारी तुमचा फोटो काढतो.

घालायला नाही सांगणार.

तुमचा,
चंद्रप्रकाश