रंगारी गल्लीतली गंगा

नाशिक,
१२ जून २०२५

प्रिय महेश,

चुलत बहीण असले तरी तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे म्हणून आशीर्वाद लिहिते. सध्या ते तुला नको असतील याची कल्पना आहे. विद्याला सांग, तिने पाठवलेला बडोद्याचा चिवडा पोचला. अर्धा तुझ्या आईने संपवला. आक्काला मधुमेह फक्त डॉक्टरांसमोर असतो.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून कागद घेतला.

आधी गल्लीची खबरबात. सिंहस्थाच्या नावाने सगळं गाव खणून ठेवलंय. आपल्या रंगारी गल्लीच्या तोंडाशी गटाराचे नवे पाइप येऊन पडलेत, त्यावर बसून लंकाबाई भाजी निवडते. आमच्या कंपनीकडे जुन्या नाशकातल्या या टेकडीचा अभ्यास आहे हे तुला माहीत आहेच. कुठे घर, कुठे दुकान, रस्ता किती रुंद, पाणी कुठे तुंबतं, सगळं नकाशावर मांडायचं. राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा. आपण लहान होतो तेव्हा असा नकाशा केला असता तर गल्लीचं वरचं टोक अख्खं जांभळं आलं असतं, तिथे रंगाऱ्यांच्या भट्ट्या होत्या. आता एकही नाही. रहेमानचाचांच्या शेडमध्ये मोबाइलच्या कव्हरांचं गोदाम झालंय. बाकी घरं उभी वाढली. खाली दुकान, वर बिऱ्हाड, त्यावर पत्र्याची खोली, त्यावर पाण्याची टाकी. रस्ता मात्र आजोबांच्या वेळचाच आहे. दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या की एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, असा रिवाज पडलाय. तुमचं घर तेवढं एकमजली राहिलं. नकाशात ते निव्वळ पिवळं दिसतं, आणि ते बघून मला बरं वाटलं होतं.

इतकं लिहूनही मुद्द्याशी आले नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तर मुद्दा.

नदीचं पाणी जिथवर चढतं तिथवर नकाशात पूररेषा काढतात आणि तिच्या आत नवे मजले चढवायला परवानगी मिळत नाही. आमच्या कच्च्या नकाशात ती रेषा तुमच्या उंबऱ्यावरून गेली. तू निवृत्त झाल्यावर दोन मजले चढवून इथे राहायला येणार होतास, ते अडलं. 'कुंदे, पूर न येता घर बुडवलंस' असं तू लिहिलंस. वाक्य चांगलं आहे. त्याखाली, घर विकून आक्काला बडोद्याला नेतो, असंही लिहिलंस. तिला विचारलंस का, हे मी विचारत नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, मी या गल्लीतून एकदाच जाईन आणि तेव्हा मला चालावं लागणार नाही.

रेषा तिथे गेली कशी ते ऐक. एकोणसत्तरच्या पुराच्या नोंदी नदीकाठच्या तेवढ्या सापडल्या. वरच्या गल्ल्यांसाठी आमच्या टीममधली मुलंमुली म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरली की पाणी कुठवर आलं होतं. सगळी बाहेरगावची. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, हेसुद्धा त्यांना सांगावं लागलं. मग गंगा दारात येणं हा इथे मान असतो हे त्यांना कुठून कळणार? तिची ओटी भरायची, नारळ द्यायचा, म्हणजे ती समाधानाने मागे फिरते. गंगा आमच्याकडे आलीच नाही असं नाशिकचा कोणता म्हातारा कबूल करील? लंकाबाईने थेट देव्हाऱ्यापर्यंत पाणी दाखवलं. आक्काने उंबरा दाखवला. पोरांनी भिंतीवर निळा पट्टा मारला आणि पुढे गेली. हे मी वेळेवर तपासायला हवं होतं, ते राहिलं.

रेषेचा परिणाम कळल्यावर बाकीच्यांची गंगा आठवड्याभरात ओसरली. लंकाबाई आता म्हणते, ती त्या साली बाळंतपणाला सिन्नरला होती. आक्काने मात्र शब्द बदलला नाही, आणि तिची साक्ष साधी नाही. अकरा वर्षं पाळणा हलला नव्हता, तिने उंबऱ्यात बसून गंगेची ओटी भरली आणि पुढच्या वर्षी तू झालास. आसपासच्या चार गल्ल्यांना हे पाठ आहे. पाणी कुंकवासारखं लाल होतं, हेसुद्धा. आजही नदी चढली की बायका खण-नारळ घेऊन आधी आक्काच्या उंबऱ्याशी येतात.

मी स्वतः लेव्हलचं यंत्र लावून बघितलं. गल्लीच्या पायथ्याशी, भिकनच्या दुकानाच्या भिंतीत त्या पुराची खूण कोरलेली आहे, तिच्याबद्दल कुणाचा वाद नाही. तुमचा उंबरा तिच्याहून पुरुषभर उंच आहे. नदी तिथवर आली असती तर भिकनचं दुकान छपरासकट पाण्याखाली गेलं असतं.

मग मी रहेमानचाचांकडे गेले. त्यांनी चहा मागवला, पावसाबद्दल बोलले, गुडघ्याबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "बेटी, त्या दिवशी पावसाने आमचा हौद फुटला. लाल रंगाचा. सगळा लोंढा खाली गेला, आक्काच्या दारावरून. पुढे सगळं कानावर आलं तेव्हा अब्बांनी घरात सांगून ठेवलं, ये बात बाहर नहीं जायेगी. त्या बाईचं काम झालंय." इतकी वर्षं त्या घराने अळीमिळी गुपचिळी पाळली.

तर असं आहे. नोंदवलेली साक्ष नुसत्या मोजमापावर खोडता येत नाही, ती देणाऱ्यानेच बदलावी लागते. तुझे मजले चढायचे असतील तर आक्काने सुनावणीत सांगायला हवं की ती गंगा नव्हती. तुझंच नव्हे, भिकनच्या दुकानापासून तुमच्यापर्यंतच्या सगळ्या घरांचं तिच्या एका शब्दावर अडलंय आणि ती मंडळी रोज तिच्या ओट्यावर येऊन बसतात. रहेमानचाचा साक्षीला तयार नाहीत. म्हणतात, आक्काने विचारलं तर तिला सांगीन, तिच्याविरुद्ध सांगणार नाही. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला, तू ज्या पाण्याला हात जोडलेस ते हौदाचं होतं, असं कोणी सांगायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला धीर होत नाही. मुलगा तू आहेस. सुनावणी जुलैअखेरीला आहे, त्याआधी काय ते कळव.

तुला राग आलेला असतानाही तुझीच,
कुंदाताई


नाशिक,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय महेश,

तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं होतं. 'तिला काही सांगू नकोस, मी घर विकतो.' मी सांगितलं नाही. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्यावर खेकसणार नाहीस.

गटाराचे पाइप एकदाचे जमिनीत गेले. लंकाबाईची बैठक मोडली. पावसाने उघडीप दिली होती, परवापासून पुन्हा लागलाय. धरणातून पाणी सोडलंय, पण काळजीचं काही नाही.

सुनावणी झाली. तुला कुणाकुणाचे फोन आले असतील, नसतील तर येतील. मीठमसाला लावून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

शाळेच्या हॉलमध्ये होती. आक्का आली, नाझियाचा हात धरून. नाझिया म्हणजे रहेमानचाचांची सून. चाचाही काठी टेकत मागून आले. मला वाटलं, आक्का आपला उंबरा पुन्हा एकदा ठासून सांगणार. गल्लीलाही तेच वाटलं. रेषेत अडकलेल्या घरांतले पुरुष कपाळाला आठ्या घालून बसले होते.

सुनावणी घेणारे साहेब भले होते. म्हणाले, "आजी, बसूनच सांगा. गंगा तुमच्या दारात आली होती ना?"

"नाही," आक्का म्हणाली.

साहेबांनी समोरचा कागद बघितला. "इथे तर उंबऱ्यापर्यंत लिहिलंय."

"पाणी आलं होतं. ते वरून आलं, यांच्या रंगाच्या हौदातून. माझे हात कितीतरी दिवस लाल होते. गंगेने कुणाचे हात रंगतात का?"

मी नकाशा हातात धरून उभी होते. खाली ठेवायचं सुचलं नाही. रहेमानचाचा मान खाली घालून बसले होते. आक्का त्यांच्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या अब्बाला ठाऊक होतं, रहेमान. आणि त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. भला माणूस होता."

लंकाबाईला राहवलं नाही. "अगं आक्का, मग ओटी कशाची भरलीस तू?"

आता जे लिहिते ते आपल्या आजीबद्दल आहे. तुझी आजी तशी माझीही, तेव्हा दोघांनी वाटून घेऊ. आजीने तुझ्या वडिलांसाठी चांदवडची मुलगी बघून ठेवली होती. तुळशीचं लग्न झालं की तिला घरात आणायची, अशी बोलणी झाली होती. आक्काला माहेर उरलं नव्हतं. ती हॉलमध्ये म्हणाली, अगदी भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "पाणी दारात दिसलं. वरून आलंय हेही दिसलं. मी खण-नारळ घेऊन उंबऱ्यात बसले आणि ओरडले, गंगा आली. सासू धावत आली आणि हात जोडून उभी राहिली. जिच्या हातची ओटी गंगेने घेतली तिच्यावर सवत आणायची तिची छाती झाली नाही."

मग साहेबांना म्हणाली, "लिहा. गंगा नव्हती. अंगठा नको, मला सही येते."

रेषा खाली सरकेल. साहेबांनी तसं तोंडी सांगितलं, कागद यायला वेळ लागेल. तुझे मजले होतील.

आता गल्लीचं सांगते. आक्काचे कुणी आभार मानले नाहीत. रेषेतून सुटलेली घरं कंत्राटदार बोलवून भिंती मोजायला लागलीत आणि त्याच तोंडाने तिला खोटारडी म्हणतायत. लंकाबाई बोलत नाही. काल नदी थोडी चढली, तर बायका ओटीचं सामान घेऊन आक्काच्या दारावरून सरळ घाटावर गेल्या. आक्का दारात बसली होती. मी कामात कोरडी आहे असं सगळे म्हणतात, तूही म्हणतोस. पण काल मला राग आला, आणि रडूही आलं.

संध्याकाळी मी तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं म्हणून बोललीस का?

"कोण सांगणार? तुमच्या पोरांनी भिंतीवर पट्टा मारला आणि महेशने घर विकायचं काढलं, तेव्हाच समजले, माझ्या शब्दावर अडलंय. तुझी वाट बघत होते. तू रोज येऊन रस्त्याच्या रुंदीबद्दल बोलायचीस."

मी उठून चहा टाकला. आणखी काय करणार होते?

महेश, तुला लहानपणी कुणी हात लावलेला आठवतोय का? मला चांगला चोप मिळायचा. तुझ्यावर हात उगारला की आजी म्हणायची, गंगेचा प्रसाद आहे तो. शाळेत तू हे मोठ्या ऐटीत सांगायचास. आता हे वाचून तुझं काय होईल, या एकाच गोष्टीची आक्काला धास्ती आहे. गल्लीचं तिला काही वाटत नाही, निदान तसं दाखवते. तुझं नाव निघालं की पदर चाळवत बसते.

मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, पाणी कुठलं का असेना, तू मुलगा मागितलास आणि तो तुला मिळाला ना?

"मागितलाच नव्हता," ती म्हणाली. "मुलाची आशा मी केव्हाच सोडली होती. त्या पाण्याकडे बघून मी एवढंच म्हणत होते की मला या घरातून काढू नका. मुलाचं डोक्यातही नव्हतं." मग तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. "त्याला सांगशील? नवसाचं पोर म्हणून सगळ्यांनी त्याला वाढवलं, मीही गप्प राहिले. पण तो नवसाने आला नाही. मी मागितला नव्हता, तरी आला."

मी म्हटलं, हे तूच सांग त्याला. ती म्हणाली, तो चिडला असेल.

चिडला आहेस का, ते मला कळवू नकोस. तिला फोन कर. हल्ली कमी ऐकू येतं तिला, तेव्हा जरा मोठ्याने बोल.

तू येईपर्यंत तिच्याकडेच मुक्कामाला असलेली,
तुझी कुंदाताई