लाल रेघ पुसलेली नावं

३ मार्च
आलो एकदाचा बुऱ्हाणपूरला! इतवाऱ्यात संतोषशेठचं छपाईचं दुकान, लोधीपुऱ्यात दोन खोल्या. ज्योत्स्नाला घर आवडलं, आमची लेक भूमिका तर पहिल्याच दिवशी गल्लीतल्या पोरींत रमली. दुकानात लग्नाच्या नि उत्तरकार्याच्या पत्रिका छापतात. नाव चुकलं की गिऱ्हाईक अंगावर येतं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवरच्या एडिटरला स्क्रिप्ट लिहून स्पेलचेक जोडतो. शेठ हसले. हसू द्या.

६ मार्च
चालली स्क्रिप्ट! शब्दयादी जुन्या पत्रिकांतून काढली. लग्नाच्या फाइली व्हायरसने खाल्ल्यात, म्हणून नुसत्या उत्तरकार्याच्या घेतल्या. यादीत नसलेल्या नावाखाली लाल रेघ येते. चहावाल्या रंभाबाईंनी हौसेने स्वतःचं नाव टाइप करून घेतलं. रेघ बघून हिरमुसल्या, म्हणून यादीत टाकलं. रेघ गेली, बाई खूश.

७ मार्च
रंभाबाई वारल्या. काल चांगली धडधाकट बाई! उत्तरकार्याची पत्रिका मीच लावली. नावाखाली रेघ आली नाही.

११ मार्च
शेठने गिऱ्हाइकांदेखत मला गधा म्हटलं. थांब मेल्या. त्याचं नाव यादीत टाकलं. गंमत म्हणून, असं आपलं लिहून ठेवतो.

१२ मार्च
शेठ गेला. जेवता जेवता. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२० मार्च
दुकानात आता शेठची बायको, वंदनाभाभी बसते. भूमिकाच्या वाढदिवसाची पत्रिका तिने स्वतः टाइप केली, प्रेमाने. नावाखालची रेघ वाईट दिसत होती म्हणे, म्हणून यादीत टाकलं. यादीत शेठचं नाव तिला दिसलं होतं. सांगताना हसत होती.
पोरीला ताप चढलाय. नाव खोडलं — परत आलं. तीनदा. मग त्याच जागी दुसरं लिहिलं — शेजारची चंद्रभागाआजी, ऐंशीची, पिकलं पान — टिकलं! भूमिकाखाली लाल रेघ आली. देवा, आली!

२१ मार्च
आजी ओट्यावर लसूण सोलतेय. ठणठणीत.
ताप उतरत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, चंद्रभागा अजून कशी — ज्योत्स्ना म्हणाली, अहो, आपल्या पोरीचं राशीचं नाव चंद्रभागाच. बारशाला आत्याने कानात तेच सांगितलं. तुम्ही बाहेर पुरुषांत गप्पा मारत होतात.

दुपार
पोर डोळे उघडत नाही. यादी उघडलीय. त्या जागी दुसरं — पण कुणाचं राशीचं नाव काय, मला काय ठाऊक, परत भलत्यालाच लागायचं — माझं घालायला हात धजत नाही — एकीचीच दोन्ही नावं माहीत, गुण जुळवताना ऐकलेली — पोर तिच्याच मांडीवर आहे — बघतेय माझ्याकडे — ज्योत्स्