चेहरा लागत नाही

१० नोव्हेंबर १९१३, सोमवार. जव्हार.
भाऊबीजेला माहेरी मोखाड्याला गेलेली अनसूया अजून आली नाही. निरोप आलाय की यावंसं वाटत नाही. रुसवा आहे, जाईल. तोवर एकांत, चैनच! कचेरीत संस्थानचे नकाशे आखून हात आखडलाय. मुंबईच्या मासिकात एका फ्रेंच पेंटिंगची छापील प्रत पाहिली. एकटी बाई, बाकी नुसतं धुकं. तसलं चित्र मी महिन्याभरात काढणार. ते पाहिलं की बाईसाहेब आपण होऊन परत येतील.

१२ नोव्हेंबर
मॉडेल ठरली. मोळी विकणारी नवशी. शिरपामाळावर उभी राहा म्हटलं, तर आली बहीण, जाऊ आणि दोन शेळ्या घेऊन. एकटी उभी राहायला साफ नकार. म्हणे, वाळीत टाकलेली बाई उभी राहते एकली, मी काय केलं? सिम्बॉलिझम समजावून सांगितला. तेवढ्यात शेळीने ब्रश खाल्ला.

१७ नोव्हेंबर
मॉडेल हवीच कशाला? अनसूयाच काढतो, मेमरीतून. उंबऱ्यात बसलेली, शेजारी झाकलेलं ताट. मी येईपर्यंत रोज तशीच तर बसायची.

१९ नोव्हेंबर, सकाळी
चेहरा आठवेना. लग्नाला सहा वर्षं झाली. नाक सरळ की बसकं? कमाल आहे! पण या स्टाइलमध्ये चेहरा लागतच नाही. मूड लागतो. तो फक्कड जमलाय.

२८ नोव्हेंबर
चित्र पुरं. थोर झालंय, उगाच विनय कशाला? निळी सावली म्हणजे नियती. झाकलेलं ताट म्हणजे मानवी आत्म्याची भूक. मोखाड्याला रवाना केलं. सोबत चार पानी पत्र, सगळं सिम्बॉलिझमवर. 'परत ये' लिहायला जागा उरली नाही. तेवढं तिला कळेलच.

३ डिसेंबर
उत्तर नाही. भारावून गेली असणार. भात करपला.

७ डिसेंबर, रविवार
मेहुणे बळवंतराव चित्र परत घेऊन आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. अनसूया बराच वेळ चित्रासमोर बसून होती म्हणाले. मी विचारलं, मूड पोचला ना? ते खाली बघत म्हणाले, तिने एकच विचारलं. म्हणजे यांना दिसत होतं?
ती येणार नाही.

८ डिसेंबर
घरात बसवेना. करपलेला भात उंबऱ्यात बसून खात होतो. रस्त्याने नवशी, संगती सगळ्या मोळीवाल्या. थांबली. विचारलं, दादा, तुला कोणी टाकला वाळीत?
आर्टिस्ट एकटाच असतो, असं सांगणार होतो. ताट झाकून शेजारी ठेवलं.