आधी गोल, मग कॅल्शियम

प्रिय हट्टीबाई,

तू तिकडे कुठल्याशा ऑफिसात नोकरी धरतेयस, सोमवारी हजर होणार, हे मला तुझ्या आईकडून कळावं? रागावलेय मी. पण राग नंतर काढीन, आधी बातमी ऐक.

आपली काच जमली! हाडातली पोकळी भरायची ती काचेची भुकटी, हळूहळू विरघळत नव्या हाडाला जागा करून देणारी. कण एकसारखे गोल असतील तरच ते सारख्या वेगाने विरघळणार, आणि दोन वर्षं आपल्या हाती नुसत्या गुठळ्या. अमोनिया कमीजास्त करून कण लहानमोठे करणं तेवढं जमलं होतं. गोलपणा मात्र काही केल्या टिकेना.

कॅल्शियमचा क्षार आपण सुरुवातीलाच घालतो, तिथंच घोडं पेंड खातंय, असं तू म्हणायचीस. आधी सिलिकाचे, म्हणजे नुसत्या काचेचे, गोळे नीट बनू देत, मग कॅल्शियम घालू. सगळे पहिल्यापासून घालतात म्हणून सरांनी ते हसण्यावारी नेलं. पुढे तुझे बाबा आजारी पडले, तू घरी गेलीस, आणि जाताना माझ्याजवळ रडलीस की सगळी मेहनत पाण्यात गेली. ते मला फार लागलं होतं गं.

म्हणून गेल्या महिन्यात तुझ्या पद्धतीने करून पाहिलं. द्रावण चांगलं दुधाळ होईपर्यंत हात आवरून बसले (माझ्यासारखीला ही शिक्षाच!), मग थेंबथेंब कॅल्शियम सोडलं. भट्टीतून काढलेली भुकटी मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर पडद्यावर गोलच गोल, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. मी अशी ओरडले की काही फुटलं समजून शेजारच्या खोलीतले धावत आले. कॅल्शियम कणांत पुरेसं उतरलंय, तेही तपासलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. येईल त्याला सांगत सुटलेय, ही माझ्या मैत्रिणीची अक्कल. इतका अभिमान मला स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

आता मुद्द्याचं. प्रयोग माझ्या हातून झाला म्हणून सरांनी या कामावरच्या शोधलेखावर माझं नाव पहिलं घातलं होतं. मी ते खाली घेऊन तुझं वर नेलं. भांडायच्या तयारीनेच गेले होते, पण सर लगेच कबूल झाले. प्रयोगशाळेतली तुझी जागाही त्यांनी अजून भरलेली नाही. नोकरी घ्यायची तर खुशाल घे, घरची ओढाताण मला कळते. फक्त हरले म्हणून घेऊ नकोस. तू हरलेली नाहीस, आणि हे तुला सोमवारच्या आत कळायला हवं होतं.

तुझीच,
टेबलापलीकडची भांडकुदळ