एकट्याचा दौरा कार्यक्रम

सोमवार, ता. ३. सकाळी ११
पोचलो. एकटा. कोणाचीही मदत घेतली नाही. (पट्ट्यावरून बॅग उतरवून देणारी बाई स्वतःहून पुढे आली. ती मी मदतीत धरत नाही.)

उद्देश: सौ.ला दाखवून देणे. मुलीच्या बाळंतपणासाठी दीड महिन्याकरता गेली ती आठ महिने झाले तिकडेच आहे. परत ये म्हटलं की म्हणते, तिथे आले की दिवसभर तुमच्या हातात सगळं द्यायचं, इथे निदान बाळ हसतं तरी. मी कोणावर अवलंबून नाही हे एकदा पटलं की ती आपणहून परत येईल. म्हणून हा दौरा. आठ दिवस, परका देश, कमीत कमी खर्च, सोबत कोणी नाही. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं साहेबांचे दौरे मीच आखले. स्वतः कुठे गेलो नाही ही बाब गौण.

निश्चय: सौ.ला फोन करायचा नाही. तिनेच करावा.

मंगळवार, ता. ४. सकाळी ७
लॉजवर बारा जणांच्या खोलीत वरची खाट. शिडी अरुंद आहे. चढताना एक गुडघा दुखतो, उतरताना दोन्ही.
८.०० प्रयाण. ८.२० वस्तुसंग्रहालय, पायी.

दुपारी २
एकच औषधाचं दुकान चार वेळा लागलं. शहराची आखणी सदोष आहे. चौथ्या वेळी दुकानदाराने बसायला स्टूल दिलं आणि संग्रहालय मंगळवारी बंद असतं हे खुणेने सांगितलं. त्याच्याकडूनच फोटो काढून घेतला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. "पायी शहरदर्शन. मजेत." मुलीचा अंगठा आला. सौ.ने पाहिल्याची निळी खूण दिसली. फोन नाही. कामात असेल.

बुधवार, ता. ५. दुपार
बसचा नंबर बरोबर होता. दिशा बसने चुकवली. शेवटचा स्टॉप डेपो. ड्रायव्हर लोकांच्या बाकावर दोन तास. ते आपसात बोलत होते, मी मान हलवत होतो. फोटो: "स्थानिकांशी मनमोकळ्या गप्पा." सौ.ने लिहिलं, "छान." मला तिच्याकडून छान मिळून किती वर्षं झाली आठवत नाही. योजना लागू पडते आहे!

गुरुवार, ता. ६. संध्याकाळी ५
लॉजची मालकीण भडकली. चूक तिचीच, पण थोडी माझीही. रोज सकाळी बाहेर पडताना मी तिला काउंटरवर सांगतो, "आय कम." म्हणजे येतो. घरातून निघताना जातो कसं म्हणायचं? तर ही बाई रोज समजायची की मी आत्ता येणार, काहीतरी काम आहे. जेवायला घरी न जाता वाट बघत थांबायची. तीन दिवस तिने काउंटरवर उभ्याउभ्या बिस्किटं खाल्ली. आज मोबाइलच्या भाषांतरातून सगळं बाहेर आलं.

मी तिला नीट समजावलं, की आमच्याकडे जाणारा माणूस येतो म्हणतो. तिने पुन्हा मोबाइलमध्ये काहीतरी सांगितलं. मोबाइलने विचारलं, मग जो परत येणार नसतो तो काय म्हणतो?

तोही येतोच म्हणतो, असं मी टाइप केलं. मग खोडलं.

सौ. निघताना दारात "येते" म्हणाली होती. मी स्वतः ऐकलंय. तेव्हा तो प्रश्नच नाही. आज भूक नाही.

शुक्रवार, ता. ७. सकाळी १०
धुतलेले कपडे संपले. सौ. कपडे कशात भिजवते ते विचारायला फोन उचलला. ठेवला. शांपूने धुतले. सात पाण्यांतून काढले तरी फेस हटत नाही. गच्चीवर दुसऱ्या कोणाचे तरी कपडे झकास वाळत होते. फोटो: "सगळं स्वतः धुतलं!" मुलीने विचारलं, बाबा, त्यातला फ्रॉक कुणाचा? मी कळवलं, सहप्रवाशाला मदत केली. सौ.ने बदाम पाठवला. लाल.

निश्चय: घरी गेल्यावर तिच्या कपाटातल्या माझ्या फायली काढायच्या. तिला जागा लागेल.

शनिवार, ता. ८. दुपार
ताप. ओले कपडे घालून फिरल्यामुळे असेल असं मालकीण म्हणते. तिला काय कळतं. खालच्या खाटेवरच्या दाढीवाल्याला तिने वर पाठवलं आणि मला खाली झोपवलं. काहीतरी गरम, पातळ आणून दिलं आणि मी संपवेपर्यंत समोर उभी राहिली. रडू आलं. तापात येतं.

मला घरी जायचंय. घरी म्हणजे ही असेल तिथे. आठ महिने मी रोज रिकाम्या घरात दोन कप चहा करतो आणि दोन्ही बिघडवतो.

वरील मजकूर रद्द समजावा.

ग्रुपवर परवाचा बागेतला फोटो टाकला. "आज निवांत."

सोमवार, ता. १०. सकाळी ९.४०, विमानतळ
रविवारी नोंद नाही. झोपून होतो.

आत्ता सौ.चा फोन आला. आपणहून! फोन उलटा कानाला लावला. अशक्तपणा आहे अजून.

म्हणाली, सगळे फोटो पाहिले, बाळालाही दाखवले, आजोबा बघ म्हणून. म्हणाली, खरं सांगू का, तुमचं एकट्याचं कसं होत असेल हा घोर जात नव्हता, म्हणून पुढच्या आठवड्याचं घरी यायचं तिकीट काढून ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं इतकंच. आता जीव भांड्यात पडला. परक्या मुलखात इतकं छान निभावलंत, तर घरात काय अडणार आहे. काल तिकीट रद्द केलं. मी आता इथेच राहते.

इतका मोकळा आवाज तिचा मी लग्नानंतर ऐकलेला नाही. हसत होती.

ताप, डेपो, कपडे, सगळं जिभेवर आलं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, माझी अजिबात काळजी करू नकोस.

ती म्हणाली, आता नाहीच करणार.